चालत्या पाठीवरची झोप

एका डोंगराळ जंगलात एक अस्वलीण राहत असे, आणि त्या अस्वलिणीच्या पाठीवर तिचं पिल्लू राहत असे. हो, पाठीवरच! अस्वलांची रीतच तशी. पिल्लू गुहेबाहेर आलं की आईच्या पाठीवरच्या दाट केसांत नखं रुतवून बसतं आणि तिथूनच जग बघतं. त्यात वावगं काही नाही. वावगं होतं ते पुढेच. हे पिल्लू झोपायचंही पाठीवर, आणि तेसुद्धा पाठ चालती असेल तरच. आई चालते आहे तोवर डोळे मिटलेले. आई थांबली की डोळे टक्क उघडे आणि भोकाड असं, की शेजारच्या झाडावरची पाखरं उडून जावीत.

मग अस्वलीण चाले. ओढ्यापासून टेकाडापर्यंत, टेकाडापासून ओढ्यापर्यंत, पुन्हा ओढा, पुन्हा टेकाड. वारुळाला तोंड लावायचं, फूं करून माती उडवायची, नाक आत खुपसून वाळवी ओढून घ्यायची, तर तेवढ्यापुरतं तरी एका जागी उभं राहायला नको? तोंडात चार वाळव्या येतात न येतात तोच पाठीवरून "आँऽऽ!" की निघाली. मोहाच्या फुलांचा झाडाखाली सडा पडे. हरणं येऊन पोटभर खाऊन जात, आणि ही नुसता वास घेत पुढे जाई. तिच्या बरगड्या मोजता येऊ लागल्या. पिल्लू दूध पिता पिता मध्येच तोंड काढून कुरकुरे, कारण दूधच पुरत नव्हतं. मोहाचा बहर तो किती दिवसांचा! तेवढ्या दिवसांत अंगावर मांस धरलं नाही, तर दूध आटणार आणि पिल्लू जगणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. पण ठाऊक असून करते काय? थांबायची सोयच नव्हती.

एके सकाळी मोहाच्या झाडावरून वानरीने हाक मारली, "काय गं अस्वलीणबाई, कुठे निघालीस एवढ्या लगबगीने?"

"कुठेच नाही. पोराला झोपवतेय."

"अगं बये! आणि तू कधी झोपणार?"

झुडपाच्या बुडाशी दोन लांब कान हलले. तिथे सशीण बसली होती. ती म्हणाली, "खाली ठेव की त्याला! मी माझी पिल्लं गवतात ठेवते आणि निघते. दिवसातून एकदा जाऊन पाजलं की काम संपलं. रडून रडून किती रडेल? दमलं की निजेल आपोआप."

"खाली ठेव म्हणे!" वानरी खवळली. "लेकरू भुईवर टाकते ती आई कसली? आमच्यात पोर एका कुशीतून दुसऱ्या कुशीत जातं, जमिनीला टेकत नाही."

"तुमच्यात चार मावश्या आणि तीन आत्या फांदीवर बसल्यात झेलायला. हिच्यामागे कोण आहे, ते सांग ना!"

दोघींचं चांगलंच जुंपलं. अस्वलीण मात्र चालत राहिली. उभं राहून भांडण ऐकायचीसुद्धा तिला फुरसत नव्हती.

भूक मोठी वाईट असते, मुलांनो. त्या दुपारी तिने सशिणीचं ऐकलं. चालून चालून पिल्लाला गाढ झोपवलं, हळूच गुहेत ठेवलं आणि मागे न बघता मोहाच्या झाडाकडे पळत सुटली. फुलांचे दोन घास घेतले असतील नसतील, जीव थाऱ्यावर राहीना. ती परतली, तो गुहा रिकामी! पाला विसकटलेला, वास ओढ्याकडे गेलेला. ओढ्याच्या काठी पिल्लू सापडलं. रडून त्याचा आवाज बसला होता, नुसतं तोंड उघडं पडत होतं. आणि पलीकडच्या करवंदीच्या जाळीत एक तरस पुढचे पाय पसरून वाट बघत बसलं होतं. अस्वलीण अशी धावून गेली, की तरसाला पळताना शेपूट कुठे ठेवावी ते समजेना.

"सांगत होते मी!" वानरी वरून ओरडली.

"घाईने परत आलीस, तिथेच चुकलं. आणखी थोडं रडू द्यायचं," सशीण म्हणाली.

"तुझी पिल्लं गवतात गप्प पडून राहायलाच जन्मतात, सशिणी," अस्वलीण म्हणाली. "माझं तसं नाही." आणि ती पुन्हा चालू लागली.

आता तर पिल्लू दूध प्यायलाही खाली उतरायला मागेना. नखं अशी रुतवी, की केस उपटून येत. तीन दिवस ती चालली. चौथ्या दुपारी टेकाडाच्या कडेने चालता चालता तिचे डोळे मिटले. पाय चालूच होते, पण डोळे मिटले. कड सुटली आणि ती पिल्लासकट घसरत, पालापाचोळा ओढत कोरड्या नाल्यातल्या मऊ रेतीत येऊन पडली. लागलं कुणालाच नाही. पण पडली, ती तशीच झोपली. किती दिवसांची साठलेली झोप ती! पिल्लाचं भोकाडसुद्धा तिला ऐकू गेलं नाही.

जाग आली, तेव्हा वर पायवाट नव्हती, बाजूला ओळखीचं झाड नव्हतं. सगळीकडे पांढरी रेती आणि अनोळखी दगड. अस्वलीण ताडकन उठली आणि सगळा नाला दणाणून सोडला. "मी कुठे आहे? कुणी आणलं मला इथे?"

पिल्लू तिच्याकडे डोळे विस्फारून बघत राहिलं. ते बघून ती त्याच्याजवळ रेतीत बसली.

"अरे देवा," ती पुटपुटली. "मी झोपले टेकाडावर आणि उठले नाल्यात. एवढी थोरली मी, तरी घाबरून ओरडले. आणि हे एवढंसं पोर रोज झोपतं चालत्या पाठीवर आणि उठतं थांबलेल्या पाठीवर! ते ओरडेल नाही तर काय गाणं म्हणेल?"

शहाणपण असं कुठेही पडून सापडतं. उचलायची अक्कल मात्र लागते.

दुसऱ्या दिवशी तिने पिल्लाला होतं नव्हतं तेवढं दूध पाजलं, तोंड चाटून स्वच्छ केलं, आणि त्याचे डोळे पेंगुळले पण मिटले नाहीत, एवढ्यातच त्याला गुहेतल्या वाळल्या पाल्यावर ठेवलं. पिल्लू तडक पाठीवर चढलं. तिने खाली घेतलं. ते चढलं. तिने खाली घेतलं. असं किती वेळा झालं, ते विचारू नका.

"आई, चाल!"

"चालणार नाही. पण आहे मी."

पिल्लू रडलं. तिने रडू दिलं, पण एकटं रडू दिलं नाही. पोटावर पंजा ठेवून बसली आणि तेवढंच म्हणत राहिली, "आहे मी. आहे मी." शेवटी ते झोपलं, जाग आली तेव्हा तोच पाला, तीच आई, आणि भोकाड रोजच्या निम्म्यावर आलं.

तिसऱ्या दिवशी तिने पंजा काढला आणि नुसती शेजारी बसली. चौथ्या दिवशी हातभर लांब. बसल्या बसल्या ती कान देऊन ऐकायला शिकली. रागाचं रडणं मोठं असतं, पण मध्येच थांबून आई येते का, याचा कानोसा घेतं. भीतीचं रडणं थांबतच नाही. पहिल्याला ती जागेवरून "आहे मी" म्हणे. दुसऱ्याला धावत जाई. पाचव्या दिवशी पिल्लाला दात येत होते, हिरड्या सळसळत होत्या आणि सगळं मुसळ केरात गेलं. दिवसभर ते तिच्या छातीवरून हललं नाही. तिनेही हलवलं नाही. सहाव्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

"दगडाचं काळीज गं बाई!" वानरी गुहेसमोरच्या झाडावरून साऱ्या जंगलाला ऐकू जाईल अशी म्हणाली. "पोर रडतंय आणि ही बसलीय बघत!"

अस्वलिणीने मान वर केली. "ये ना खाली! तू झेल त्याला आणि चाल दिवसभर. नाही येत? मग मीट ते तोंड."

वानरी वरच्या फांदीवर सरकली. खाली काही आली नाही.

एवढे दिवस ती जाग्या पिल्लाला पाठीवर घेऊनच पाणी पिऊन, चार वाळव्या खाऊन येई. नऊ दिवसांनी, तरसाच्या त्या दुपारनंतर प्रथमच, ती त्याला गुहेत निजवून एकटी बाहेर पडली. गुहेच्या तोंडासमोरच, वीस पावलांवर एक वारूळ होतं. तिने फूं केलं, नाक आत घातलं आणि एक डोळा मागे ठेवला. एवढ्यात पाला खसखसला. पिल्लू जागं झालं होतं! अस्वलिणीचे चारही पाय गुहेकडे वळले. "धाव!" असं सगळं अंग सांगत होतं. ती थांबली. रडणं उमटलं आणि मध्येच थांबलं. कानोसा घेणारं रडणं. "आहे मी," ती म्हणाली. पुन्हा थोडी कुरकुर. मग काहीच नाही. ती शांतता तिला रडण्यापेक्षा भयंकर वाटली. ती पाय न वाजवता गुहेच्या तोंडाशी गेली आणि आत डोकावली.

पिल्लू कुशीवर वळलं होतं. स्वतःचाच पंजा तोंडात घालून, चुटूचुटू चोखत, घशातल्या घशात मधमाशीसारखं गुणगुणत होतं. हळूहळू गुणगुण मंद झाली आणि डोळे मिटले. चालणारी पाठ नाही, आईचा पंजा नाही. त्याचं त्यानेच जमवलं होतं.

अस्वलीण वारुळाशी परतली. प्रत्येक घासाला मान वर करून ऐकत होती. वाळवी गोड लागली की कडू, हेही तिला कळलं नाही. पण खाल्लं. त्या दिवशी खाल्लं, दुसऱ्या दिवशी खाल्लं, आणि बहराच्या शेवटच्या आठवड्यात पिल्लाला सोबत घेऊन मोहाखाली एका जागी उभी राहून पोट फुटेस्तोवर खाल्लं. एका संध्याकाळी पिल्लू तिच्या कुशीत दूध पीत होतं. पिता पिता त्याने तोंड बाजूला केलं. कुरकुरलं नाही, ढेकर दिली. त्याच्या ओठाच्या कडेने दुधाचा एक थेंब ओघळून पाल्यावर पडला. दूध उरलं होतं.

तात्पर्य : लेकराला भरवसा द्यावा आपण, पण झोप त्याची त्यालाच सापडू द्यावी, एकटं टाकणं ही शिस्त नव्हे, आणि स्वतः मोडून पडेस्तोवर पाठीवर वाहणं ही माया नव्हे.