न खणलेलं तळं

ही गोष्ट अगदी खरी आहे, शपथेवर सांगतो. सगळं माझ्या डोळ्यांदेखत घडलं. म्हणजे मी तेव्हा जन्मलो नव्हतो, पण ज्यांनी पाहिलं त्यांच्याकडून ऐकलं. तेही त्या दिवशी परगावी गेले होते, ते सोडा.

तर राजा चंद्रकेतूला तळं हवं होतं, आणि तेही चंद्रकोरीच्या आकाराचं. स्वतःच्या नावापायी त्याला सगळंच चंद्रकोरीसारखं लागायचं. जेवणाचं ताटसुद्धा तसलंच, त्यामुळे आमटी रोज मांडीवर. आता कोजागरीला वाड्याच्या पायऱ्यांवर बसून तळ्यातला चंद्र पाहायचा, असा त्याचा हट्ट. जागाही ठरली. वाड्याखालून वळवंडी नदी भला मोठा वळसा घेऊन जायची आणि वळशाच्या पोटात गवळ्यांचं कुरण होतं. ते खणायचं.

कुरण गेलं तर म्हशी खाणार काय? गवळ्यांचा म्होरक्या भिकोबा दरबारात गेला आणि हात जोडून नुसताच उभा राहिला. बोलली ती त्याची मुलगी, ठकू.

"महाराज, खणून तळं काय, कोणीही करील. त्यात तुमची शोभा ती काय?"

राजाची मिशी थरथरली. "मग तू न खणता करून दाखव."

"दाखवते की."

भिकोबाने तिचा पदर ओढला, पण उशीर झाला होता. राजा बोटांवर मोजू लागला. "जमिनीला लोखंड लागता कामा नये. माणसाने मूठभर माती उचलायची नाही. पाणी नदीचंच हवं, पण वाहतं नको. आकार चंद्रकोरीचा. कोजागरीपर्यंत जमलं तर कुरण तुमचं. नाही जमलं तर कुरण माझं, आणि म्हशीही माझ्या."

बाहेर येताच भिकोबा कपाळाला हात लावून बसला. "ठके, तुझ्या तोंडाला काही झाकण आहे का गं?"

"आबा, कळप वळणावर वळतो तेव्हा म्हशी काय करतात?"

"आता म्हशी कुठून आल्या?"

"बाहेरच्या अंगाची म्हैस पळते आणि लोकांचं कुंपण मोडते. आतली रेंगाळते आणि शेण टाकते. नदीचंही तेच. बाहेरचा काठ खाते, आतल्या काठाला गाळ टाकते. म्हणून तर तिचा वळसा फुगत चाललाय, आणि कुरणाची मान बारीक होत चाललीय."

मान म्हणजे गावातून कुरणात जायची चिंचोळी पट्टी. तिच्या एका अंगाला वळशात शिरणारी नदी, दुसऱ्या अंगाला वळसा घालून परत आलेली तीच नदी. या काठावरून भिरकावलेली चप्पल पलीकडच्या पाण्यात पडावी, एवढीच ती रुंद.

दुसऱ्या दिवसापासून ठकू सकाळी पट्टीच्या या काठाला पेंड ठेवू लागली आणि संध्याकाळी त्या काठाला. पेंडीच्या वासाने म्हशींची रोज एकाच रेषेत ये-जा सुरू झाली. खुरांनी जमीन दबली. वळवाचं पाणी त्यात साचलं, चिखल झाला, आणि चिखल दिसल्यावर म्हैस पुढे गेली असं कधी झालंय? लोळायच्या, अंगावर चिखल घ्यायच्या आणि नदीत जाऊन धुऊन यायच्या. बघता बघता तिथे चांगली चर पडली.

पण पाऊसच रुसला. आषाढ गेला, श्रावण गेला, नदी काही चरीपर्यंत चढेना. राजाचा कारभारी गेरू घेऊन आला आणि म्हशींच्या शिंगांवर खुणा करू लागला. गावातल्या बाया डोळे पुसू लागल्या.

ठकू म्हणाली, "कारभारी, रंग जरा कच्चाच लावा. पुसायला तुम्हालाच यायचंय."

तोंडाने म्हणाली खरं, पण त्या रात्री ती दोनदा उठून नदीचं पाणी किती चढलं ते पाहून आली.

भाद्रपदात एकदाचा पूर आला. पाणी चरीत शिरलं. लांबचा वळसा सोडून सरळ उताराची वाट मिळाल्यावर नदी कशाला थांबतेय? तिने चरीची माती ओढून नेली, काठ पाडले आणि सगळी धार तिथूनच काढली. जुन्या वळशात पाणी मंदावलं. त्याच्या दोन्ही तोंडांशी गाळ बसला, त्यावर वाळू बसली आणि तोंडं बंद झाली. कुरण जागच्या जागी राहिलं. म्हशी आता नवी नदी पोहून चरायला जाऊ लागल्या. त्यांचं काही म्हणणं नव्हतं.

कोजागरीला राजा पायऱ्यांवर बसला, हातात आटीव दुधाचा पेला. दूध कोणाच्या म्हशींचं, ते सांगायला नको. समोर चंद्रकोरीसारखं पाणी. पण हरणं त्याच्या स्वभावात नव्हतं.

"माती कोणी उचलली?"

"म्हशींनी. पाठीवरून नेली, महाराज. माणसाचा हात लागला नाही."

"हे तळं नव्हेच. ही माझी जुनी नदी आहे."

ठकूने त्याच्या गळ्यातल्या हारातलं एक झेंडूचं फूल मागून घेतलं आणि पाण्यावर ठेवलं. राजाने सावकाश दूध संपवलं, दुसरा पेला मागवला, तोही संपवला. फूल होतं तिथेच होतं. शेजारी चंद्रही तसाच स्थिर.

"मग माझी नदी गेली कुठे?"

"पुढे गेली, महाराज. तिला जवळची वाट सापडली. हट्टाने वळसा घालत बसायला ती राजा थोडीच आहे?"

कारभाऱ्याने डोळे मिटून घेतले. राजाने मिशीवरची साय पुसली, ठकूकडे पाहिलं आणि असा खदखदून हसला की तळ्यातले बेडूक गप्प झाले. कुरण त्याने गवळ्यांना कायमचं दिलं, शिंगांचा गेरू कारभाऱ्याकडून पुसून घेतला, आणि वर आपलं चांदीचं चंद्रकोरी ताट ठकूला बक्षीस दिलं. ती त्यात म्हशींना पेंड घालायची. त्या दिवसापासून राजाची मांडी कोरडी राहू लागली.

आता शपथ घेतलीच आहे, तर रचलेलं काय तेही सांगून टाकतो. म्हशी मी घातल्या. नदीला असल्या मदतीची गरज नसते. स्वतःचा वळसा ती स्वतःच तोडते, फक्त तिला कोजागरीची घाई नसते.