वाट अडवणारी येसूआक्का

आमच्या पणज्यांच्याही जन्माआधीची ही गोष्ट. डोंगराच्या कुशीतल्या निवळखोऱ्यात व्यंकूवैद्य राहायचा, आणि त्याला आईच्या मागं लहानाचा मोठा करणारी त्याची थोरली बहीण, येसूआक्का. वैद्याच्या हाताला गुण होता. तापानं फणफणलेलं माणूस त्याची चाहूल लागताच उठून बसायचं, असं म्हणतात. औषधाचं तो काही घ्यायचा नाही. म्हणून पोरांना झाडपाला ओळखायला शिकवतो म्हणाला, तेव्हा आयांनीच त्यांना न्हाऊमाखू घालून त्याच्यासोबत डोंगरावर धाडलं.

एके सकाळी कुंभाराचा केरू आक्काच्या परसात लपून बसला. तिनं पाठीवर हात ठेवला तसं त्यानं अंग चोरलं. आक्का लांब सरकून वाल सोलत बसली. बऱ्याच वेळानं पोर बोलू लागलं. वैद्यबाबा नको तिथं हात लावतात. तू माझा सगळ्यांत लाडका, म्हणतात. कुणाला सांगितलंस तर आईचं औषध बंद, असंही म्हणतात.

"माझंच चुकलं का गं, आक्का?"

व्यंकूचे हात आक्काच्या डोळ्यांपुढं आले. ज्या हातांना तिनं घास उचलायला शिकवलं, तेच हे हात. पोर खोटं बोलतंय म्हणणं किती सोपं होतं.

"नाही रे बाळा," ती म्हणाली. "तू खरं बोलतोस. तुझं काही चुकलेलं नाही."

ती पंचांकडे गेली. पंचांनी तिला हात जोडले, पण ऐकलं नाही. घरटी कुणाला ना कुणाला वैद्यानं वाचवलेलं. व्यंकू तर मायेनं हसून म्हणाला, आक्काचं आता वय झालं.

मग आक्का डोंगराच्या वाटेवर ठाण मांडून बसली. ऊन गेलं, पाऊस गेला, ती हलली नाही. तिच्या भोवती करवंदीची जाळी उगवली आणि वाट बुजली, असं म्हणतात. वैद्य कोयता घेऊन आला, तर तोडलेली फांदी दुपटीनं वाढे. पोरं मात्र खालून सरपटत आत शिरायची, तिच्या मांडीशी बसून मनातलं सांगायची. जाळीबाहेर उभ्या आयांना सारं ऐकू येई.

"लांडगा आला असता तर काठ्या घेऊन धावलो असतो," केरूची आई म्हणाली. "ह्याला आपणच पाट मांडून दिला."

गावानं व्यंकूला शिवेबाहेर काढलं. आक्कानं पुढल्या गावांनाही निरोप धाडायला लावले, कारण पोरं तिथंही होती. भावासाठी ती जन्मभर रडली. परत मात्र बोलावलं नाही.

अजूनही दर वैशाखात निवळखोऱ्यात 'आक्काची बैठक' भरते. पोरं पारावर बसतात, मोठी माणसं खाली मातीत. पोरांनी बोलायचं, मोठ्यांनी मधे तोंड घालायचं नाही. एखाद्या वर्षी एकही पोर काही बोलत नाही. तरी दिवस मावळेपर्यंत कुणी उठत नाही.