केराबाईचा दोर

आपल्या आज्यांचे आजे रांगत असतील, तेव्हाची ही गोष्ट. माणदेशात खरबडी नावाचं गाव होतं. गाव अजून आहे. पाऊस तिथं तेव्हाही वाट चुकल्यासारखा यायचा, आणि आला तरी फार वेळ थांबायचा नाही. गावाच्या मधोमध दगडांनी बांधलेला एक आड होता आणि सारं गाव त्याच्यावर जगायचं.

गावाबाहेर मातंगांची वस्ती होती. तिथं केराबाई राहायची. केराबाई दोर वळायची. ओढ्याकाठचं केकताड कापायचं, डबक्यात कुजत घालायचं, बडवून त्याचा वाख, म्हणजे धागा, काढायचा आणि मग त्याला पीळ भरत बसायचं. बैलांची दावी तिच्या हातची, पाळण्याचे दोर तिच्या हातचे, आडावरचा पोहऱ्याचा दोर तिचा आणि रानातल्या विहिरींवर मोट ओढणारे जाडजूड नाडेही तिचेच. तिच्या दोराला हत्ती बांधला तर हत्ती म्हातारा होईल पण दोर तुटणार नाही, असं म्हणतात.

पण ज्या आडाचा दोर तिनं वळला होता, त्या आडाला तिला हात लावता येत नव्हता. काळच तसा वाईट होता. वस्तीतल्या बाया घागरी घेऊन आडापासून लांब बसायच्या. कुणी वरून ओतलं तर पाणी मिळायचं, नाहीतर तशाच माघारी जायच्या.

पुढं लागोपाठ पाऊस हुकला. ज्यांची ऐपत होती त्यांनी आपापल्या रानात विहिरी पाडल्या. एकानं खोल नेली की शेजारचा तिच्याहून खोल नेई. जसजशा विहिरी खाली गेल्या, तसतसे नाडे लांब होत गेले. दिवसभर मोटा चालत आणि मळे हिरवेगार राहत. गावाचा आड मात्र आटत चालला. पोहरा तळाला खरडायचा आणि गाळ घेऊन वर यायचा.

एक दिवस केराबाईची सून सरू सकाळीच आडाजवळ जाऊन बसली. तिच्या मांडीवर पितं लेकरू होतं. दिवस कलला तेव्हा ती रिकामी घागर घेऊन घरी आली. कुणी दुष्टावा केला नव्हता. ओतायला पाणीच उरलं नव्हतं.

"आत्याबाई, लेकरू सारखं रडतंय," सरू म्हणाली. "मलाच पाणी न्हाई, तर त्याला दूध कुठनं यायचं?"

केराबाई तेव्हा तात्याबा इंगवल्याच्या विहिरीचा नाडा वळत होती. गावात सगळ्यात खोल विहीर तात्याबाची. केराबाईनं नाडा खाली ठेवला आणि त्याला परत हात लावला नाही.

दुसऱ्या दिवशी ती चावडीसमोर जाऊन उभी राहिली. म्हणाली, "गावाच्या आडाला जेवढा दोर लागतो, तेवढाच नाडा मी वळीन. त्याच्यापरीस हातभर जास्त कुणाला मिळायचा न्हाई."

लोक आधी हसले. मग चिडले. तात्याबा म्हणाला, "माझ्या रानात माझी विहीर. तिचा तळ कुठं असावा हे तू सांगणार?"

केराबाई तशीच घरी गेली. दोरांच्या बदल्यात सुगीला धान्य मिळायचं, पण त्या सुगीला तिच्या पदरात कुणी मूठभर धान्यसुद्धा टाकलं नाही. घरात हुलग्याचं माडगं शिजायचं, तेही पाण्याला महाग. आजूबाजूच्या गावांत दोर वळणारे सगळे तिचे सोयरे होते. खरबडीचे लोक त्यांच्याकडे गेले, तर जो तो म्हणाला, "केराअक्कानं न्हाई म्हटलंय न्हवं?" आणि आपल्या कामाला लागला.

दोर काही जन्मभर टिकत नाही. उन्हानं, पाण्यानं झिजतो. एकेका विहिरीवरचा नाडा तुटू लागला. भिवजी पाटलांची विहीर आडाच्या सगळ्यात जवळ होती. त्यांचाही नाडा भर दुपारी तुटला आणि मोट विहिरीत गेली. पाटलांनी तो गाठ मारून जोडला, पण गाठ चाकावरून जाईना. पाटलांची मोट थांबली.

आणि मग नवल झालं. थोड्याच दिवसांत पाटलीणबाई सकाळी आडावर गेल्या, तर आत पाणी चमकत होतं. स्वच्छ पाणी. त्यांनी पोहरा सोडला, तो बुडबुडत बुडाला आणि लांब बसलेल्या सरूची घागर त्यांनी भरून दिली. त्या धावत घरी आल्या आणि पाटलांना हाताला धरून आडावर घेऊन गेल्या.

पाटील आडात वाकून बघत राहिले. मग तिथूनच वस्तीकडे निघाले. गावचा पाटील वस्तीत चालत आला, हे लोक पहिल्यांदाच बघत होते.

"केराबाई," ते म्हणाले, "माझी मोट बंद हाय. आन आडाला पाणी आलंय."

"व्हय पाटील. आज सरूची घागर भरून आली."

"तुला हे ठावं हुतं?"

"ठावं न्हवतं," केराबाई म्हणाली. "वाटत हुतं. पर लेकराला पाजायचं हुतं, तवा कायतरी करून बघाया पायजे हुतं."

पाटलांनी मागं वळून आडाच्या दिशेनं पाहिलं. मग म्हणाले, "आता गावाला काय सांगू?"

"सांगा, आडाचा तळ त्योच समद्यांचा तळ."

पाटलांनी गाव बोलावलं. त्या दिवशी खरबडीत नेम ठरला. कुणीही आपली विहीर गावाच्या आडाहून खोल न्यायची नाही. आडाचं पाणी उतरलं की रानातल्या मोटा थांबवायच्या, आणि आड भरल्याशिवाय परत जुंपायच्या नाहीत. दरवर्षी उन्हाळ्याच्या तोंडाला आड आणि विहिरी एकाच दोरानं मोजायच्या.

"पण मोजायचं कुणी?" कुणीतरी विचारलं.

"ज्या हातानं दोर वळला त्या हातानं," पाटील म्हणाले.

सभेत कुजबूज सुरू झाली. केराबाईनं आडाला हात लावायचा, हे पुष्कळांच्या गळी उतरेना. तेव्हा मागं बायांमध्ये उभ्या असलेल्या पाटलीणबाई बोलल्या. "दोर तिच्या हातचा चालतो. आजवर आपण त्या दोरानं आलेलं पाणी प्यालोय. मग तिनं शिवलेलं पाणी का चालू नये?"

लोकांनी बाजूला सरून वाट दिली.

केराबाई आडाच्या काठावर गेली. गावाच्या देखत तिनं दोर आत सोडला. तो दोर तळाला पोचलाच नाही, पाणीच चढत चढत वर आलं आणि तिच्या बोटांना लागलं, असं म्हणतात. तिनं ओंजळ भरली आणि आधी सरूला पाजली.

सगळ्यांनी नेम मानला, एकट्या तात्याबानं नाही. तो लांबच्या बाजाराला गेला आणि गाडीभर दोर घेऊन आला. त्यानं मोट सोडली. मोट खाली गेली, पण पाणी लागेना. त्यानं आणखी दोर सोडला, तसं पाणी आणखी खाली गेलं. जेवढा दोर तो सोडी तेवढं पाणी मागं सरे. गाडीतला दोर संपला, बैल उभ्या उभ्या दमले, तरी मोट कोरडीच वर आली. बाकीच्या विहिरी मात्र भरलेल्या होत्या, असं म्हणतात.

शेवटी तात्याबा केराबाईच्या दारात आला आणि मान खाली घालून उभा राहिला. त्याचे ओठ वाळले होते.

"बसा," केराबाई म्हणाली. "आधी पाणी प्या."

त्यानं तिच्या घरचा तांब्या घेतला आणि अंगणात बसून पाणी प्याला. मग केराबाईनं त्याला नाडा वळून दिला, आडाच्या मापाचा. तात्याबानं आपल्या विहिरीत दगड टाकून तिचा तळ वर आणला. पहिला दगड त्यानं स्वतःच्या हातानं टाकला.

त्यानंतर कितीतरी दुष्काळ आले. आजूबाजूची गावं उठून गेली, खरबडी उठली नाही.

अजूनही गुढीपाडवा झाला की दुसऱ्या दिवशी तिथं केराबाईचा दोर निघतो. वस्तीतली सून तो आडात सोडते आणि मग सारं गाव तिच्यामागून एकेका विहिरीवर जातं. मोटा गेल्या, मोटरी आल्या. तरी आडाचं पाणी उतरलं की रानातल्या मोटरी बंद होतात. कुणाला सांगायला जावं लागत नाही. लोक एवढंच म्हणतात, "आधी केराबाईचं पाणी पिऊन हुंद्या."

मध्यंतरी परगावचा एकजण तिथं जमीन घेऊन बोअर पाडायला गाडी घेऊन आला. गाडी वेशीवरच थांबली, कारण रस्त्यावर सरपंचबाई उभ्या होत्या आणि त्यांच्यामागं गाव होतं. त्या तात्याबाच्याच घरातल्या.

"जमीन माझी आहे," तो म्हणाला. "मी किती खोल जायचं ते तुम्ही कोण ठरवणार?"

"आम्ही कुठं ठरवतोय?" सरपंचबाई म्हणाल्या. "ते आमच्या केराबाईनं ठरवलंय. या, आधी पाणी प्या."