हौसाबाईची गोधडी

हौसाबाईचा हात गोधडीवर असा चालायचा की टाका दिसायचा नाही. तिच्या लेकीवर, शेवंतावर, शेतात बलात्कार झाला, तेव्हा सरपंच आबासाहेब भर ग्रामसभेत म्हणाले, "पोरीनं नीट कपडे घातले असते तर ही वेळ आली नसती."

हौसाबाई सभेतून उठली. महिनाभर ती दारोदार फिरली. जिच्यावर जिच्यावर असा प्रसंग गुदरला होता, तिच्याकडं तिनं त्या दिवशीचं कापड मागितलं. बायकांनी ट्रंकेच्या तळातून ते मुकाट काढून दिलं.

पुढच्या सभेत तिनं आबासाहेबांपुढं गोधडी अंथरली. त्यात शाळेचा निळा फ्रॉक होता, विधवेचं पांढरं पातळ होतं, शेवंताचा गळाबंद पंजाबी ड्रेस होता.

"ही त्या त्या दिवशीची कापडं. यातलं वाईट कुठलं ते दाखवा, तेवढं उसवून टाकते," म्हणत तिनं कात्री पुढं केली.

आबासाहेबांचं बोट फिरत फिरत एका जांभळ्या इरकली लुगड्याच्या तुकड्यावर थबकलं. त्याच पदराला धरून ते चालायला शिकले होते.

बायकांतून त्यांची म्हातारी आई म्हणाली, "सांग, बाळा. पन्नास वर्षं शोधतेय, मला त्यात खोट सापडली नाही."