तुळई आणि चूल

मळ्यातल्या मातीच्या घरात माणसं नांदत होती, तेव्हाची ही गोष्ट. छपराची लाकडी तुळई चुलीवर रोज डाफरायची, "तुझ्या धुरानं मी काळी पडले!" चूल आपली गुमान जळत राहायची.

पुढे मालक भागोजी गावात नव्या घरी राहायला गेला. "आजोबांच्या हातचं घर आहे, जपायला हवं," म्हणत त्यानं चूल विझवली, तुळई घासून लख्ख केली आणि दाराला कुलूप लावलं.

तुळई खूश झाली. पण काही महिन्यांतच तिच्या पोटातून कुरतडल्याचा आवाज येऊ लागला. "कोण रे?" तिनं विचारलं.

"आम्ही किडे. एवढी वर्षं धुरामुळे आत शिरता येत नव्हतं."

"चुलीबाई, थोडा धूर कर ना गं!" तुळई कळवळली.

"मला पेटवायला माणूस हवं गं," चूल म्हणाली.

दोघी बंद दाराकडे बघत राहिल्या.