तेली आळीचं रिकामं गाडगं

डोंगरापलीकडच्या एका गावात एक दवंडीवाला राहत असे. त्याचा आवाज इतका खणखणीत, की त्यानं चावडीपाशी हलगी वाजवून तोंड उघडलं की शेवटच्या आळीतली पाळण्यातली पोरंसुद्धा दचकून जागी होत. कुणाची म्हैस हरवली, कुणाकडे बारसं आहे, बाजार कधी भरणार, सगळं त्याच्या तोंडून गावाला कळे. पोटात गोष्ट ठेवणं त्याला जमतच नसे, आणि त्याचं कामच तसं असल्यामुळे कुणी त्याला नावं ठेवत नसे.

एका उन्हाळ्यात गावात उलट्या-जुलाबांची साथ आली. आज या घरी, उद्या त्या घरी. चांगली धट्टीकट्टी माणसं बघता बघता अंथरुणाला खिळू लागली. गावाच्या तोंडचं पाणी पळालं.

गावात एक म्हाताऱ्या वैद्यबाई होत्या. त्यांनी दवंडीवाल्याला चावडीवर बोलावलं. ओट्यावर त्यांनी प्रत्येक आळीच्या नावानं एकेक गाडगं मांडलं होतं आणि शेजारी चिंचोक्यांची टोपली ठेवली होती.

"साथ पाण्यातून फिरते आहे," त्या म्हणाल्या. "प्रत्येक आळीची विहीर वेगळी. कुठली विहीर नासली ते मला कळायला हवं. तू रोज सकाळी गाडगी रिकामी कर आणि घरोघर विचारून ये. आळीतल्या जितक्या घरांत आजारी माणूस, तितके चिंचोके त्या आळीच्या गाडग्यात टाक. घर कुणाचं ते फक्त मला सांग, म्हणजे मी औषध घेऊन जाईन. दुसऱ्या कुणाला कळता कामा नये."

"बरं बाई," दवंडीवाला म्हणाला.

पहिल्या दिवशी त्यानं कसंबसं तोंड मिटून ठेवलं. दुसऱ्या दिवशी मात्र त्याला राहवेना. लोकांना सावध नको का करायला, असं त्याच्या मनानं घेतलं. त्यानं हलगी उचलली आणि चौकात उभा राहून ओरडला, "ऐका हो ऐका! साळी आळीत पिंपळाजवळच्या घरात साथ शिरली आहे! तिकडं फिरकू नका होऽ!"

झालं! त्या घराकडे दूधवाली फिरकेना. चूल पेटवायला शेजारी विस्तव देईनात. विहिरीवर त्यांची घागर दिसली की बाया अंग चोरून बाजूला होत. वैद्यबाईंनी दवंडीवाल्याची चांगली खरडपट्टी काढली. "पुन्हा नाही ओरडणार," म्हणून त्यानं कान पकडले. पण तोवर गावानं जे बघायचं ते बघितलं होतं.

त्यानंतर तो ज्या दारी जाई, तिथं एकच उत्तर मिळे. "आमच्याकडे सगळी ठणठणीत आहेत हो!" दारातला माणूस हसून सांगे आणि घाईघाईनं दार लावून घेई. गाडग्यांत चिंचोके कमी होऊ लागले. तेली आळीचं गाडगं तर पार रिकामं झालं. साथ हटली म्हणून लोकांनी एकमेकांना साखर वाटली. दवंडीवालाही खूश होता. तो स्वतः तेली आळीतच राहत होता ना!

मग एका सकाळी त्याची एकुलती एक लेक उठलीच नाही. रात्रभर तिला उलट्या झाल्या होत्या. डोळे खोल गेले होते आणि ओठ कोरडे पडले होते. "बाबा, पाणी," एवढंच ती म्हणत होती.

दवंडीवाल्यानं पायात वहाणा सरकवल्या. तो वैद्यबाईंकडे जायला निघाला, तशी त्याची बायको दारात आडवी आली.

"अहो, कुठं निघालात? आपल्या घराचं नाव गावात झालं, तर पोरीला दुधाचा थेंब मिळेल का? पिंपळाजवळच्या घराचं काय झालं, विसरलात?"

तो विसरला नव्हता. तो उंबऱ्यावर मटकन बसला. तेवढ्यात परसदारी शेजारचा तेली दबक्या पावलांनी आला. त्याच्या हातात भाताची पेज होती.

"पोरीचं कण्हणं ऐकलं," तो हळूच म्हणाला. "आमची म्हातारी पण तशीच पडली आहे. पलीकडच्या घरी दोघं जण आहेत. आळीत कुणाकडे नाही ते विचारा. पण सांगणार कोण बाबा? तुमच्या हलगीचं भ्या वाटतं."

दवंडीवाल्यानं पेज घेतली. आळीभर साथ होती आणि गाडगं रिकामं होतं! तरीही रोजच्यासारखं चावडीवर गेल्यावर त्यानं चिंचोक्यांच्या टोपलीला हात लावला नाही.

वैद्यबाई गाडग्यांत वाकून बघत होत्या. साथीत राबून त्यांचा चेहरा उतरला होता. "तेली आळीत काहीच नाही," त्या म्हणाल्या. "तू तर तिथलाच. खरंच कुणी आजारी नाही ना?"

त्याच्या डोळ्यांपुढे लेक आली, बंद दारं आली. "नाही बाई," तो म्हणाला.

"मग देवच पावला म्हणायचा. तेवढी एकच विहीर चांगली राहिली. बाकीच्यांवर फळ्या टाकू. आजपासून सगळ्या गावानं तेली आळीचं पाणी भरावं. जा, दवंडी दे."

त्याच्याच आळीचं नासलेलं पाणी आता सगळं गाव पिणार होतं. पण खोटं बोलून बसल्यावर आता काय सांगणार? त्यानं साळी आळीच्या तोंडाशी जाऊन हलगी वाजवली आणि कशीबशी दवंडी दिली. एरवीचा त्याचा खणखणीत आवाज आज घोगरा झाला होता. बाया लगेच घागरी घेऊन निघाल्या. एक तरुण बाई तान्ह्या पोराला कडेवर घेऊन त्याच्याजवळ थांबली.

"बरं झालं बाबा, सांगितलंत," ती म्हणाली. "आता लेकराला निर्धास्त पाणी पाजीन."

ती चार पावलं गेली असेल नसेल, दवंडीवाला भानावर आला. हलगी तिथंच टाकून तो धावत सुटला. ठेचकाळला, पडला, उठून पुन्हा धावला. तेली आळीच्या विहिरीवर पोहोचला तेव्हा पहिल्या घागरी वर आल्या होत्या. तो विहिरीच्या काठावर चढला आणि जिवाच्या आकांतानं ओरडला.

"थांबा! हे पाणी पिऊ नका! माझी लेक आजारी आहे हो! माझ्याच घरात साथ आहे!"

बाया जागच्या जागी थिजल्या. "मग सकाळी चिंचोका का नाही टाकलास?" कुणीतरी ओरडलं.

"घाबरलो," तो रडत म्हणाला. "मी दुसऱ्याचं नाव चौकात ओरडलो होतो. माझं नाव तसं होईल म्हणून घाबरलो."

मग शेजारचा तेली पुढे आला. "आमच्याकडेही आहे," तो म्हणाला. पलीकडचं दार उघडलं, त्याच्या पलीकडचंही. तोवर वैद्यबाई पोहोचल्या होत्या. त्यांनी भरलेल्या घागरी उपड्या करायला लावल्या, विहिरीवर फळ्या टाकल्या आणि लांब डोंगरावरच्या झऱ्याचं पाणी आणून, उकळून घरोघर पोहोचवायला सांगितलं.

त्या दिवसापासून गाडगी भराभर भरू लागली. गाव पुन्हा हादरलं, पण आता वैद्यबाईंना नेमकं कुठं जायचं ते कळत होतं. तेल्याच्या म्हातारीला मात्र औषध फार उशिरा मिळालं. ती वाचली नाही. दवंडीवाल्यानं तिला खांदा दिला, आणि ते ओझं त्याच्या मनावरून पुढे कधी उतरलं नाही. त्याची लेक तेवढी हळूहळू सावरली.

एका संध्याकाळी ती साळी आळीतली तरुण बाई त्याच्या दारी आली. इकडंतिकडं बघून ती हळूच म्हणाली, "लेकराला कालपासून जुलाब होताहेत. तुम्हालाच सांगते आहे."

दवंडीवाला तसाच उठला. वैद्यबाईंना सांगून त्यानं त्यांना तिच्या घरी धाडलं आणि चावडीवर येऊन साळी आळीच्या गाडग्यात एक चिंचोका टाकला. ओट्याशी बसलेल्या दूधवालीनं तो आवाज ऐकला.

"कुणाच्या घरचा हो?" तिनं मान पुढे करून विचारलं.

दवंडीवाल्यानं तिच्याकडे बघितलं. "साळी आळीचा," तो म्हणाला आणि झऱ्याच्या पाण्याची घागर उचलून चालू लागला.

तात्पर्य एवढंच: आजाऱ्याचं नाव जपलं, तरच आजाराची खरी मोजदाद होते.