फिल्टर कुणी बसवला?

डोंगराच्या कुशीतल्या एका वाडीत भिवसेन नावाचा माणूस राहत असे. त्याच्याकडे एक जुनी डिझेल जीप होती. वाडीत दुसरी गाडी नव्हती. जीपचे बारीकसारीक काम तो घरीच करी, आणि केलेले काम चारचौघांना सांगितल्याशिवाय त्याला चैन पडत नसे.

एका सकाळी त्याने डिझेलचा फिल्टर स्वतःच बदलला. आतली रबरी चकती नीट बसत नव्हती. ती त्याने बोटाने दाबली आणि फिल्टर तसाच आवळून टाकला. जीप सुरू झाली. "बघा, गॅरेजवाल्यावाचून काही अडलं का?" तो जमलेल्या लोकांना म्हणाला.

तेवढ्यात शेजारचा कोंडिबा धावत आला. त्याची बायको ठकूबाई रानात हिरडे गोळा करत असताना तिच्यावर आग्यामाश्या उठल्या होत्या. तिचा चेहरा सुजून डोळे मिटले होते. श्वास अडकत होता. दोघांनी तिला मागच्या सीटवर निजवले आणि जीप तालुक्याच्या दवाखान्याकडे निघाली.

अर्ध्या घाटात जीपने आचके दिले आणि ती बंद पडली. भिवसेनने पुन्हा पुन्हा किल्ली फिरवली. इंजिन नुसते घरघरले. रस्त्यावर चिटपाखरू नव्हते. फोनला रेंज नव्हती.

कोंडिबाने पूर्वी ट्रॅक्टर चालवला होता. त्याने बॉनेट उघडले. "डिझेल पोचत नाही वाटतं. हा फिल्टर नवा दिसतोय. कुणी बसवला?"

भिवसेनला ती चकती आठवली. पण सकाळचे बोलणेही आठवले, आणि खरे सांगायला त्याची जीभ वळेना.

"गॅरेजवाल्यानं," तो म्हणाला.

"मग तिथं बघायला नको." कोंडिबा गाडीखाली शिरला. टाकीकडून येणारी नळी त्याने सोडवली, तोंडाने फुंकली, पुन्हा जोडली. नळी साफ होती. भिवसेनने किल्ली फिरवली. इंजिन लागले नाही. बॅटरीचा आवाज मात्र खोल गेला.

"थांब! बॅटरी उतरली तर सगळंच संपलं," कोंडिबा ओरडला.

मागे ठकूबाईच्या घशातून शिट्टीसारखा आवाज येऊ लागला. तिचे ओठ निळे पडत होते. कोंडिबाने तिच्याकडे पाहिले आणि त्याचा धीर सुटला.

"आता कुठं शोधू रे भिवा? नळी तर साफ निघाली. तूच सांग!"

भिवसेनने फिल्टरकडे बोट दाखवले. "दादा, मी खोटं बोललो. फिल्टर मीच बसवलाय, आज सकाळी. चकती वाकडी होती, तरी तसाच आवळला."

कोंडिबा पुन्हा बॉनेटकडे वळला. त्याने फिल्टर सोडवला. चकती एका बाजूने दुमडली होती आणि तिथून डिझेलमध्ये हवा शिरत होती. त्याने ती पुसून सरळ बसवली, फिल्टर आवळला. "हातपंप मार," एवढेच म्हणाला. फिल्टरवरचा छोटा पंप भिवसेन दाबत राहिला, तशी आत अडकलेली हवा बाहेर पडू लागली. आधी फेस आला, मग बुडबुडे, मग स्वच्छ डिझेल.

किल्ली फिरली. इंजिन अडखळले, पुन्हा अडखळले, आणि धडधडू लागले.

दवाखान्यात डॉक्टरांनी ठकूबाईला इंजेक्शन दिले, ऑक्सिजन लावला. दोघे दाराबाहेर उभे राहिले. कितीतरी वेळाने नर्स येऊन म्हणाली, "श्वास सुधारलाय. या आत."

भिवसेन जागचा हलला नाही. "दादा, मला माफ कर."

"चकती कुणाचीही वाकडी बसते रे," कोंडिबा म्हणाला. "पण मी गाडीखाली लोळत होतो आणि तू गप्प उभा होतास. ते विसरायला मला वेळ लागेल."

आणि तो बायकोकडे आत गेला.

तात्पर्य: बिघाड शोधताना पहिला संशय स्वतःच्या हातावर घ्यावा. चूक झाली तर ती सुधारता येते. पण ती लपवली, तर मदतीला धावून आलेला माणूसही भलतीकडेच शोधत राहतो.